भुईगावच्या गोठ्यातली रेल्वे

परवा एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी सहज विचारलं, "रविवारी काय करता हो, डॉक्टर?" मी म्हटलं, "भुईगावला जाते. गाड्या चालवायला." झालं! एक किस्सा सांगितला, त्यावरून दुसरा आठवला, दुसऱ्यावरून तिसरा. बाईंचं आइस्क्रीम वितळलं, माझा भात गार झाला. घरी येताना नवरा म्हणाला, "हे सगळं एकदा लिहून काढ बाई, म्हणजे लग्नात लोकांना जेवू तरी देशील!"

म्हणून लिहितेय.

आम्ही चौघं आहोत. पास्कल लोपीस सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या भुईगावच्या घरामागे गुरांचा जुना गोठा आहे. गुरं गेली, तिथे सरांनी रेल्वे आणली. कमरेएवढ्या उंच फळ्यांवर रूळ, एक बोगदा, एक पूल, दोन स्टेशनं आणि खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान गाड्या. दुसरे सावंतकाका. राहतात विरारला, आणि सगळी नोकरी खरी गाडी चालवण्यात गेली, मोटरमन म्हणून. तिसरा भास्कर राऊत, वटारचा, केळीची बाग सांभाळणारा. चौथी मी. वसईत माझा दातांचा दवाखाना आहे.

आणि सरांच्या पत्नी, फिलोमिना आंटी. त्या स्वतःला आमच्यात धरत नाहीत. सरांना त्या 'मास्तर' म्हणतात, आणि आमच्या छंदाला काहीच म्हणत नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "ह्या गोठ्यात मी शेण काढलंय. पण तेव्हा निदान दूध तरी मिळायचं!"

*

मला रेल्वेची आवड वगैरे काही नव्हती. सर माझ्याकडे दात दाखवायला आले. दात चांगले होते, साफ करून पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा दात चांगले! तिसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "सर, ह्या वयात इतके चांगले दात मी पाहिले नाहीत. तुम्हाला नक्की दुखतंय कुठे?"

सर खुर्चीत आडवे पडले होते आणि त्यांची नजर माझ्या हत्यारांच्या ट्रेवर होती.

"ती बारीक आकडी कशासाठी असते हो?"

"कीड तपासायला."

"आणि तो इवलासा आरसा?"

"दातांची मागची बाजू दिसायला."

सर उठून बसले. खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत तळहातावर मावेल एवढं निळं डिझेल इंजिन. हळू आवाजात म्हणाले, "दुखणं माझं नाही, डॉक्टर. ह्याचं आहे."

आमच्या रिसेप्शनवरच्या स्वप्नालीला प्रत्येकाचा केस पेपर करायची शिस्त आहे. तिने पेन उचललं.

"नाव?"

"इंजिन."

"वय?"

"बारा."

"तक्रार?"

"चालताना अडखळतं. मागचं डावं चाक."

"कशाची ॲलर्जी?"

सर विचारात पडले. मग म्हणाले, "पाण्याची." तिने तेही लिहिलं.

मी इंजिन उलटं धरलं, दिवा जवळ ओढला, आरसा आत घातला. दातेरी चाकात लोकरीचा धागा अडकला होता. म्हणजे दातांचीच केस होती शेवटी! आकडीने धागा अलगद बाहेर ओढला. पाच मिनिटांचं काम. सरांचा चेहरा असा झाला की मी आजवर कुणाची दाढ काढल्यावर तसा पाहिलेला नाही.

बाहेर गाल धरून बसलेले एक आजोबा दाराच्या फटीतून सगळं बघत होते. ते उसळलेच. "मी मघापासून इथे कळवळतोय, आणि माझ्या आधी इंजिनाचा नंबर?"

स्वप्नालीने रजिस्टर उघडलं. "आजोबा, त्याची अपॉइंटमेंट होती!"

*

सावंतकाका पहिल्यांदा गोठ्यात आले तेव्हा सरांनी सकाळपासून रूळ पुसून ठेवले होते. खराखुरा मोटरमन येणार! भास्करने तर इस्त्रीचा शर्ट घातला होता.

काकांना खुर्ची दिली. समोर कंट्रोलर, म्हणजे एक डबी आणि तिच्यावर गोल फिरणारं बटण. काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, ताठ बसले. आम्ही श्वास रोखून उभे.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

भास्कर हळूच म्हणाला, "काका, ते बटण उजवीकडे फिरवायचं."

"कळलंय मला."

"मग?"

"सिग्नल लाल आहे."

तो सिग्नल खेळण्याच्या खोक्यातून आलेला होता. प्लॅस्टिकचा. त्यावरचा लाल ठिपका रंगाने काढलेला. सर म्हणाले, "काका, तो शोभेचा आहे हो."

"लाल शोभेचा नसतो," काका म्हणाले.

"पण तो हिरवा होऊच शकत नाही!"

"मग खराब आहे. खराब सिग्नल ओलांडायचा तर लेखी परवानगी लागते. स्टेशन मास्तरची."

तेवढ्यात आंटी केळ्याची भजी घेऊन आल्या. "बंद पडली?"

"नाही," मी म्हटलं, "अजून सुटलीच नाही."

सरांनी ड्रॉइंगच्या वहीचं पान फाडलं. सुंदर अक्षरात परवानगी लिहिली, सही केली. काकांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "शिक्का?"

आता शिक्का कुठून आणायचा? भास्करच्या मोटरसायकलच्या डिकीत त्याच्या बागेचा शिक्का होता. 'राऊत बागायत, वटार' असा ठळक जांभळा शिक्का बसला. काकांनी कागदाची घडी खिशात ठेवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि तोंडाने भोंगा वाजवून गाडी सोडली.

पहिल्याच वळणावर पाचही डबे रुळांवरून खाली!

काकांचा चेहरा उतरला. अगदी खरोखर उतरला. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत," ते म्हणाले, "एकदा नाही हो. एकदाही नाही." भज्यांना हात लावेनात.

भास्करने समजूत घातली. "काका, एवढं काय मनाला लावून घेताय? ती तिथे रोज पडते."

"रोज?" काका उठून उभे राहिले. "गाडी रोज पडते, आणि तुम्ही अजून चौकशी बसवली नाही?"

त्या दिवसापासून गोठ्यात अपघातांचं रजिस्टर आहे. पहिली नोंद काकांच्याच हातची. 'कारण: चालकाचा फाजील आत्मविश्वास. शिक्षा: भजी एक दिवस बंद.'

*

भास्करला सरांनी एकच काम दिलं होतं. रुळाच्या कडेला केळीची बाग करायची. तारेची खोडं, हिरव्या कागदाची पानं. सरांनी नमुन्याला एक झाड करून दाखवलं.

भास्करने ते झाड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "सर, हे पान बागेतलं की जेवायला वाढायचं?"

"म्हणजे?"

"समुद्राचा वारा लागलेलं एक तरी पान असं सलग बघितलंय का तुम्ही? फाटायला पाहिजे. चिंध्या व्हायला पाहिजेत!"

मग तो रविवारमागून रविवार बसला. दोन झाडांमधलं अंतर पाच फूट, म्हणजे आमच्या मापात पावणेदोन सेंटिमीटर. ते पट्टीने मोजून खुणा केल्या. नखं कापायच्या कात्रीने एकेक पान फाडलं, तेही एकाच बाजूने जास्त, कारण आपल्याकडे वारा पश्चिमेचा. घड केले. मग त्याला आठवलं की घड धरलेली केळ कलते, तिला टेकू लागतो. माझ्या दवाखान्यातून दात कोरायच्या काड्यांचा डबा नेला आणि एकेका केळीला टेकू द्यायला बसला. श्वासही जपून घेत होता.

एका रविवारी दुपारी बाहेर जोराचा वारा सुटला. भास्करचा फोन वाजला. त्याच्या दोन्ही हातांना गोंद, म्हणून मी स्पीकरवर लावला. त्याची बायको बोलत होती, "अहो, आहात कुठे? वारा बघताय ना? केळी कलल्यात सगळ्या, टेकू कधी देणार?"

भास्कर काडीवरची नजर न काढता म्हणाला, "टेकूच देतोय गं! शंभर झाले, वीस राहिले!"

पलीकडून बायकोने विचारलं,

"कुणाच्या बागेत?"

*

सरांची एक वही आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्यांच्या इंजिनांचे नंबर त्यात लिहिलेले असतात. बाकी काही नाही, नुसते नंबर. एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, रुळांपासून चांगलं लांब आम्ही उभे होतो. तेवढ्यात एक हवालदार आले.

"काय चाललंय?"

"मालगाडीची वाट बघतोय," सर म्हणाले.

"कुठं जायचंय?"

"कुठे नाही."

"मग काय, माल आहे तुमचा तिच्यात?"

"नाही."

"मग वाट कशाला बघताय?"

"इंजिनाचा नंबर लिहायचाय."

"लिहून काय करणार?"

"घरी जाणार."

"घरी जाऊन?"

"वहीची जुनी पानं चाळणार, आधी कधी आलं होतं का."

"आलं असेल तर?"

"बरं वाटतं."

"आणि नसेल आलं तर?"

सर जरा लाजले. "जास्त बरं वाटतं."

हवालदार माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही यांच्या कोण?"

"दातांची डॉक्टर," मी म्हटलं. त्यांचा संशय दुप्पट झाला.

त्यांनी वही मागून घेतली. पानंच्या पानं नुसते आकडे! आता हे प्रकरण चौकीत जाणार असं मला वाटायला लागलं. दवाखान्यात सहाची अपॉइंटमेंट होती. त्या पेशंटला काय सांगायचं ह्याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात लांबून भोंगा झाला.

दोन इंजिनं एकमेकांना जोडलेली, नव्या रंगाची, उन्हात चकाकत आली. सर इतके हरखले की हातातलं पेन गवतात पडलं. "पेन! अहो, पेन!" ते ओरडले. "गेलं! नंबर गेला!"

हवालदारांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, डोळे बारीक केले आणि नंबर तळहातावर लिहून घेतला. मग वहीत उतरवून दिला, दोन आकडे नीट गिरवून. सरांनी जुनी पानं भराभर उलटली. नव्हता! आधी कधीच आला नव्हता!

"नाय ना?" हवालदार म्हणाले. "मलापण वाटलंच."

महिनाभराने सरांचा फोन वाजला. "सर, मी हवालदार. आत्ता एक गेलं. हातावर लिहून घेतलंय, पण जेवायला बसायचंय. हात धुवायच्या आत वही काढा!"

*

गोठ्यात रविवारी जायचं, मग बाकीच्या सहा दिवसांचं काय? म्हणून मी घरी एक छोटासा गोल रूळ मांडला. दुपारी दवाखाना बंद असतो. त्या वेळात, बरोबर चारला, मी एक पॅसेंजर सोडायची. दहा फेऱ्या आणि बंद.

आमच्या खालच्या मजल्यावर गोखले आजी राहतात, एकट्याच. त्यांनी तक्रार केली. "वरून खडखड येते. उंदीर आहेत की काय बघा." सोसायटीचे सेक्रेटरी बघायला आले. त्यांना उंदीर दिसले नाहीत, पण गाडी दिसली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस. 'सर्व सभासदांनी आपापल्या सदनिकेत रेल्वे चालवणे त्वरित थांबवावे.'

सर्व सभासदांनी! जसं काही पहिल्या मजल्यावर मेल सुटते आणि चौथ्यावर मालगाडी.

मी गाडी खोक्यात भरून ठेवली. आठवडाभर घर कसं सुनं वाटलं. मग एका संध्याकाळी दारात गोखले आजी. काठी टेकत, धापा टाकत जिना चढून आल्या होत्या.

"तुझी चारची गाडी कुठे आहे?"

"बंद केली, आजी. तुमचीच तक्रार होती ना?"

"ती उंदरांची होती!" आजी चिडल्या. "मला काय ठाऊक ती गाडी आहे ते! ती खडखड झाली की मी उठायचे आणि बीपीची गोळी घ्यायचे. आता झोपच मोडत नाही. पाच दिवस गोळी चुकली माझी! सकाळी चक्कर येऊन ओट्याला धरून उभी राहिले. डॉक्टर ना तू? काही जबाबदारी आहे की नाही?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्यासमोर गाडी खोक्यातून काढून रुळावर ठेवली.

चार दिवसांनी बोर्डावर नवी नोटीस आली. 'सदनिका क्र. ३०२ मधील गाडी दररोज दुपारी ठीक चार वाजता सोडण्यात यावी. विलंब खपवून घेतला जाणार नाही.'

*

रविवारी सकाळी राजोडीहून हिराबाई मासळीची पाटी घेऊन आंटींकडे येतात. एकदा आंटी बाहेर दिसेनात म्हणून त्या थेट गोठ्यात डोकावल्या. पाटी खाली ठेवली आणि बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या.

"मास्तर, यात आमी कुठं बसायचं?"

"कुठेही बसा की."

"कुटं पन कसं? मासळीवालीचा डबा कुठाय? लोकं बसू देतात काय पाटी घेऊन?"

सरांनी गाडीकडे पाहिलं. खरंच, असा डबा नव्हताच. सरांना ते फार लागलं. पुढचे तीन आठवडे त्यांनी दुसरं काही केलं नाही. एक डबा कापला, आतले बाक काढले, मोठं दार केलं. आत चार बाया बसवल्या, नऊवारीतल्या, प्रत्येकीपुढे पाटी. मग हिराबाईंना बोलावणं धाडलं.

हिराबाईंनी डोळा दाराला लावला. "बाया चांगल्या केल्यात. पन खाली सुकं कसं? बर्फाचं पानी गळतं ना!"

सरांनी तळाला गोंदाचे चकचकीत थेंब सोडले. पुढच्या रविवारी पुन्हा तपासणी.

"आता पानी झालं," हिराबाई म्हणाल्या. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. "पन वास कुठाय?"

हिराबाईंनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर सुकट काढली आणि एकेका पाटीत नेमकी ठेवली. "आता बघा!"

आणि काय सांगू! त्या एका चिमटीने डबा जिवंत झाला. सावंतकाकांनी मान डोलावली. गाडी सुटली. पुलावरून गेली, केळीच्या बागेतून गेली, बोगद्यात शिरली. बोगद्यातून इंजिन बाहेर आलं, त्यामागून तीन डबे आले.

मासळीचा डबा आलाच नाही.

भास्करने बोगद्याचं झाकण उचललं. आत शेजारच्यांची पिवळी मांजर! आमच्याकडे एकदा बघितलं, तो डबा तोंडात धरला आणि खिडकीतून बाहेर. सर, भास्कर, मी आणि हिराबाई, सगळे तिच्यामागे वाडीतून धावलो. डबा विहिरीच्या कठड्यावर सापडला. चारही बाया शाबूत, पाट्या चाटूनपुसून स्वच्छ.

परत येऊन बघतो तर सावंतकाका जागचे हललेले नव्हते. रजिस्टर उघडून शांतपणे लिहीत होते.

'घटना: धावत्या गाडीतून डबा बेपत्ता. कारण: माल ताजा असणे.'

*

मागच्या वर्षी सरांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास करायचं ठरलं. हॉस्पिटलमध्ये आम्ही तिघं भेटायला गेलो तर सर खाटेवरून पहिलं काय बोलले? "मेल रोज एकदा फिरवा. उभी राहिली तर आतलं ग्रीस घट्ट होतं."

त्यांची मेल म्हणजे लाल रंगाची, अकरा डब्यांची. सरांचा जीव तिच्यात. ती कुठेही थांबत नाही. दोन्ही स्टेशनं सोडून देते, सरळ धावते. ह्या बाबतीत सरांनी कधी कुणाचं ऐकलं नाही. एकदा सावंतकाकांनी तिला चुकून प्लॅटफॉर्मला उभी केली, तर सर दोन दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हते. "मेल ती मेल! ती थांबली की पॅसेंजर झाली!"

आम्ही पाळ्या ठरवल्या. पहिल्या दिवशी सकाळी भास्कर वटारहून गेला, तर आंटी दारातच होत्या. "तुम्ही कशाला येताय एवढ्या लांब? मी फिरवते. बटणच फिरवायचं ना?"

ज्या बाईंनी त्या गाड्यांना कधी हात लावला नव्हता, त्या म्हणत होत्या, मी फिरवते! भास्करने आम्हाला फोन केला. आम्हाला काळजीच वाटली, पण बोललो नाही. आंटींचा मुलगा परदेशात, तो यायला निघालेला. घरात त्या एकट्या. सकाळी उठायचं, डबा करायचा, हॉस्पिटल गाठायचं, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी परत यायचं. म्हटलं, त्यात दहा मिनिटं गाडी फिरवतील तर फिरवू देत.

ऑपरेशन चांगलं झालं. सर घरी आले. पहिले काही आठवडे त्यांना खोलीबाहेर पडू देत नव्हते. मग डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आणि सरांनी चालायचं म्हणजे कुठवर? गोठ्यापर्यंत!

त्या रविवारी आम्ही सगळे जमलो. सर पांढरे पडलेले, शर्ट खांद्यावर सैल झालेला. त्यांना मधोमध खुर्ची दिली, पाठीला उशी. आंटी दाराशी उभ्या. सावंतकाका कंट्रोलरवर बसले. "कोणती सोडू, सर?"

"मेल."

मेल सुटली. अकराच्या अकरा डबे, छान एकसंध. बटण एकच, म्हणून तिच्यामागे रुळावर असलेली मालगाडीही निघाली. सर पुढे झुकून बघत होते. पुलावरून आली. पुलाच्या पुढे, एका झाडाखाली, एक नवीन पाटी दिसली. पोस्टकार्डाचा तुकडा, काडीला चिकटवलेला, त्यावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात 'फिलोमिना'. पाटीशेजारी एक बाक, काड्यापेटीचा केलेला, जरा वाकडा.

"हे काय?" सर म्हणाले.

"हॉल्ट आहे," आंटी दारातून म्हणाल्या.

"कुणाचा?"

"नाव लिहिलंय ना? मराठी शाळेत शिकवत होतात मास्तर, वाचता येईल."

मेल जवळ येत होती. सावंतकाकांनी सरांकडे बघितलं.

"मेल इथे थांबत नाही," सर म्हणाले.

"रोज थांबलीय," आंटी म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुम्ही नव्हतात तेव्हा मीच चालवत होते."

सावंतकाकांनी गाडीचा वेग कमी केला. त्यांनी विचारलं, "वहिनी, थांबायची किती मिनिटं?"

"मिनिटं नाहीत. एक रोझरी."

काका बिचारे मूळचे कोकणातल्या देवगडचे, रोझरी त्यांना कुठून ठाऊक! "एक रोझरी म्हणजे साधारण किती धरू?"

"जपमाळ पूर्ण व्हायला वीस मिनिटं लागतात. घाई असली तर पंधरा." आंटी आत आल्या. सरांच्या पाठीची उशी नीट केली. "ऑपरेशनच्या दिवशी मात्र सकाळी सहाला थांबवली आणि तशीच उभी ठेवून हॉस्पिटलला आले. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत, मग संध्याकाळी घरी येऊन सोडली."

भास्कर खिडकीबाहेर बघायला लागला. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत होते. मेल पुलाच्या उताराला लागली होती, हळूहळू त्या वाकड्या बाकाकडे येत होती.

सरांनी घसा साफ केला. एकदा केला, दोनदा केला. मग म्हणाले, "वीस मिनिटं! अगं, मेल वीस मिनिटं इथे उभी राहिली तर मागून येणाऱ्या मालगाडीचं काय?"

"तिलाही करू दे थोडी प्रार्थना!"

सावंतकाकांनी बटण फिरवून शून्यावर आणलं. मेल फिलोमिनाला उभी राहिली. तिच्यामागे, पुलावर, मालगाडीही थांबली.